थंडीतली काटकसर: ऊब, कोठार आणि एक मोठं भांडं

थंडी सुरू झाली की घरखर्च फुगतो. खोली तापवायची, अंघोळीचं पाणी तापवायचं, अन्न जास्त वेळ शिजवायचं, पुन्हा पुन्हा गरम करायचं. वीज असो, गॅस असो की लाकूड, या महिन्यांत आपण मुख्यतः उष्णताच विकत घेत असतो. म्हणून थंडीतल्या काटकसरीचा विचार मी एकाच प्रश्नापासून सुरू करते: पैसे मोजून घेतलेली ऊब घरातून कुठून निसटते, आणि ती निसटण्याआधी तिच्याकडून आणखी एक काम करून घेता येईल का?

पोटाला चिमटा काढणं या यादीत कुठेच नाही. थंडीत शरीराला भूक जास्त लागते आणि ती मारू नये. साधं, पोटभर, गरम जेवण हीच सगळ्यात स्वस्त ऊब आहे. पहिल्यांदाच स्वतःचं घर चालवणाऱ्यांसाठी, किंवा खर्च अचानक आटोक्यात आणावा लागलेल्यांसाठी, मी ज्या क्रमाने सुरुवात करायला सांगेन त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

१. पहिला आठवडा फक्त नोंद

काही बदलू नका. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि त्याखाली दोन ओळी: आज काय काय किती वेळ चालू होतं, आणि आज कोणतं अन्न फेकलं.

आकडे वाचण्यासाठी एवढंच गणित पुरतं: १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट घेतो. ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट संपवायला शंभरहून जास्त तास घेतो. हे समोर आलं की दिवे विझवत फिरण्यात शक्ती घालवायची की हीटरकडे पाहायचं, हे आपोआप ठरतं. जे उपकरण तापतं ते खातं, हा साधा नियम जवळपास सगळीकडे लागू पडतो: हीटर, गीझर, किटली, इस्त्री, ओव्हन.

फेकलेल्या अन्नाची नोंद मात्र मनापासून ठेवा. नव्या माणसाच्या घरात सगळ्यात मोठी गळती बहुधा तिथेच असते, आणि ती बिलात दिसत नाही.

२. आधी माणूस गरम, मग खोली

बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. तीच अडवून धरली तर अर्धं काम झालं. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. घामाने किंवा पावसाने ओले झालेले कपडे ताबडतोब बदला. पायात मोजे, मानेभोवती काहीतरी, आणि बसण्याच्या जागी खाली जाडसर बैठक. फरशीवरून येणारा गारठा लोक विसरतात.

गरम पाण्याची पिशवी ही माझ्या मते या ऋतूतली सगळ्यात चांगली खरेदी. दीड लिटर पाणी थंडगार अवस्थेतून ८० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.१२ युनिट लागतात. २००० वॅटचा हीटर तासाभरात जेवढी वीज घेतो, तिच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. पिशवीत उकळतं पाणी ओतू नका, दोन मिनिटं थांबा. पूर्ण भरू नका, उरलेली हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावा आणि वर कापडी आवरण घाला. रबर चिरलेलं दिसलं की पिशवी टाकून द्या.

मग खोली. दिवसभर एकाच खोलीत राहायचं ठरवलं तर एकच खोली तापवावी लागते. ऊन येणाऱ्या खिडकीचे पडदे दिवसा पूर्ण उघडे, सूर्य कलला की सगळे बंद. दाराखालच्या फटीत जुन्या कापडाची गुंडाळी. खिडकीच्या चौकटीभोवती ओला हात फिरवला की गार झुळूक कुठून येते ते लगेच कळतं. तिथे चिकटपट्टी लावा. या कामांना जवळपास काहीच खर्च नाही.

एक मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावं असं म्हटलं आहे. घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस किंवा जुनाट आजार असलेलं कोणी असेल तर त्याहून जास्त. त्यांच्या खोलीत बचत करू नका; ती दुसरीकडून काढा.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: खोली तापवण्यासाठी बंद घरात कोळसा पेटवू नका, गॅसची शेगडी किंवा ओव्हन उघडा ठेवून शेकत बसू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जळणाचं कुठलंही साधन घरात असेल तर त्या वायूची सूचना देणारा छोटा अलार्म घ्या. हा खर्च काटकसरीच्या आड येत नाही.

हवेतली ओल हा पुढचा मुद्दा. बंद घरात श्वास, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे सतत पाणी सोडत असतात. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतूनच दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते गार भिंतीवर बसतं आणि बुरशी धरते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही, त्यामुळे खोली लवकर पुन्हा तापते.

३. कोठार: थोडं, पण टिकणारं

घरात काही नसलं की माणूस बाहेरून मागवतो. थंडीच्या संध्याकाळी तर हमखास. म्हणून पहिल्या महिन्यात कोठार उभं करा, तेही एकदम नाही. दर आठवड्याच्या खरेदीत एक टिकाऊ वस्तू जास्तीची.

सुरुवातीला एवढं पुरेल: एक रोजचं धान्य, ओट किंवा दुसरं कुठलं लवकर शिजणारं धान्य, एक लवकर शिजणारी डाळ (मसूर उत्तम), दोन प्रकारची अख्खी कडधान्यं, तेल, मीठ, तुमच्या सवयीचे चार मसाले, टोमॅटोचा डबा आणि काहीतरी आंबट. सोबत कांदे, बटाटे, गाजर, कोबी, लाल भोपळा, लसूण. बाकी हळूहळू.

स्वस्त दिसतं म्हणून पोतंभर आणू नका. किलोचा भाव कमी असला तरी अर्धं किडलं तर तो दुप्पट झाला. धान्य-कडधान्य कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर महिना लिहा, नवं खाली आणि जुनं वर. जुन्या कडधान्याची आणखी एक अडचण असते: वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही, म्हणजे इंधनही वाया जातं.

भाज्यांना मात्र प्रत्येकीची जागा लागते, आणि इथे थोडं लक्ष दिलं तर महिनोन्‌महिने फायदा होतो.

बटाटे अंधारात, हवेशीर, गार जागी. ७ ते १० अंश असेल तर सर्वोत्तम. फ्रिजमध्ये त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, चव बिघडते आणि तळले-भाजले की लवकर काळे पडतात. उजेडात हिरवे होतात. तो हिरवा भाग आणि कोंब जाड कापून टाका, फारच हिरवा किंवा कडू लागला तर अख्खा बटाटा टाका. कांदे कोरड्या, हवेशीर जागी, पण बटाट्यांपासून दूर. एकत्र ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

गाजर, बीट आणि मुळा यांना उलट ओलावा हवा. पाला काढून टाका, कारण तो कंदातलं पाणी ओढतो. मग किंचित ओल्या वाळूत किंवा ओलसर कापडात गुंडाळून गार जागी ठेवा. कोबीचा गड्डा न कापता, बाहेरची पानं तशीच ठेवून, गारव्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. वापरताना मधोमध चिरू नका, बाहेरून एक-एक पान काढत जा. लाल भोपळ्याला देठ असू द्या, तो १० ते १५ अंशांच्या कोरड्या जागी ठेवा आणि कापला की आठवडाभरात संपवा.

सफरचंदं वेगळी ठेवा. ती इथिलीन वायू सोडतात. त्याने शेजारची गाजरं कडू होतात आणि कोबी पिवळा पडतो.

४. आठवड्याचं मोठं भांडं

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. आठवड्यातून एकदा अर्धा किलो कडधान्य भिजवा आणि एकदम शिजवा. कडधान्य शिजल्यावर कोरड्या वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट होतं, म्हणजे अर्ध्या किलोचं एक किलोच्या वर. एकट्या माणसाची सहा-सात जेवणं यातून निघतात. कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, आणि धान्यासोबत खाल्लं की एकातली उणीव दुसरं भरून काढतं: धान्यात लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, कडधान्यात मेथिओनीन हा घटक कमी. दोन्ही एकाच जेवणात असलीच पाहिजेत असं नाही, दिवसभरात पोटात गेली की पुरे.

भिजवणं. भरपूर पाण्यात ८ ते १२ तास. भिजवायच्या पाण्यात लिटरमागे साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा मीठ घाला. मिठाने कडधान्य कडक होतं असं पुष्कळ जण सांगतात, पण होतं उलटं: मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि कडधान्य धुवा.

शिजवणं. ताजं पाणी, कडधान्याच्या वर तीन-चार बोटं. आंबट काहीही, म्हणजे टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, कडधान्य पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नका. आंबटपणामुळे ते मऊ व्हायला फार वेळ लागतो. तुमच्याकडचं पाणी जड असेल आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. चिमूटभरच, जास्त झाला की चवही जाते आणि जीवनसत्त्वंही.

राजम्याविषयी एक इशारा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. अर्धवट शिजलेले काही दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. त्यावर उपाय खळखळ उकळीचा: भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं, शक्यतो ३० मिनिटं जोरात उकळायचं, आणि मगच आच कमी करायची. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकणं धोक्याचं आहे, कारण ते भांडं पुरेसं तापत नाही आणि कमी तापमानाला विषाचा परिणाम वाढतो. मसूर, हरभरा, मूग यांत हा घटक फार कमी असतो, म्हणून नवशिक्याने त्यांच्यापासून सुरुवात केलेली बरी.

आता आच. पाणी एकदा उकळलं की ते १०० अंशांवरच राहतं, खाली कितीही ज्वाळा लावा. मोठ्या आचेवर अन्न लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर उडतं. आणि हे पाणी उडणं किती महाग आहे पाहा: एक लिटर पाणी १५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ०.१ युनिट ऊर्जा लागते, तर तेच एक लिटर वाफ करून उडवायला ०.६ युनिटहून जास्त. सहापट. म्हणून झाकण. उकळी आली की आच जेमतेम बुडबुडे येतील एवढी, आणि झाकण घट्ट. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याला एकच सवय लावायची झाली तर मी ही लावेन.

प्रेशर कुकर असेल तर तो वापराच. आत दाब वाढल्याने पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं आणि वेळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कडधान्यासाठी कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, फेस येऊन वाफेचं भोक बुजतं. दाब आला की आच कमी करा, आणि बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं, फुकट.

५. आच बंद करूनही शिजतं

कुकर नसेल, किंवा गॅस संपत आला असेल, तर ही जुनी युक्ती कामाला येते. उकळतं भांडं गवत भरलेल्या पेटीत ठेवून शिजवण्याची पद्धत पूर्वीपासून होती. १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर तशी तयार पेटीही मांडली होती. महायुद्धांच्या काळात इंधनटंचाई असलेल्या घरांमध्ये ती पुन्हा आली. आज गवताऐवजी जुनी पांघरुणं चालतात.

एक लाकडी किंवा पुठ्ठ्याचं खोकं घ्या, ज्यात तुमचं भांडं चारही बाजूंनी हातभर नाही पण वीतभर तरी जागा सोडून बसेल. तळाशी जाड घडी, बाजूंना टॉवेल, लोकरी कपडे, उशा. भांडं घट्ट झाकणाचं आणि किमान तीन-चतुर्थांश भरलेलं असावं. थोडंसं अन्न फार लवकर गार होतं. भिजवलेलं कडधान्य झाकणासह १५ मिनिटं खळखळ उकळा, राजमा असेल तर अर्धा तास. मग आच बंद करून भांडं लगेच पेटीत ठेवा, वर उशी दाबा आणि उघडून पाहू नका. प्रत्येक वेळी झाकण उचललं की वाफेबरोबर बरंच काही निघून जातं.

नेहमीच्या वेळेच्या तीन-चारपट वेळ धरा. तांदळाला तासभर पुरतो. मसुराला दीड-दोन तास, हरभऱ्याला चार ते सहा. खाण्याआधी भांडं पुन्हा उकळी येईपर्यंत तापवा. अन्न ६० अंशांखाली जाऊन तासन्‌तास राहिलं तर त्यात जंतू वाढतात, म्हणून रात्रभर पेटीत ठेवून सकाळी तसंच खायचं नाही. स्वस्तातला स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा मोजून पाहा, तुमची पेटी किती ऊब धरते ते कळेल. मांसाचे मोठे तुकडे यात करू नका.

पेटी बनवायची नसेल तरी तत्त्व रोज वापरता येतं. भात शिजायला शेवटची आठ-दहा मिनिटं उरली की आच बंद करा आणि झाकण तसंच राहू द्या. अंडी गार पाण्यात ठेवून उकळी आणा, आच बंद करा, झाकून १०-१२ मिनिटांनी काढा. ओट रात्री पाण्यात किंवा दुधात भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी दोन मिनिटांत होतात. किटलीत लागेल तेवढंच पाणी घाला, आणि उरलेलं गरम पाणी थर्मासमध्ये. थंडीत तहान कमी लागते, पाणी पिणं राहून जातं. हाताशी कोमट पाण्याचा थर्मास असला की आपसूक प्यायलं जातं.

६. एका भांड्यातून आठवडा

शिजलेलं कडधान्य तयार आहे. आता कंटाळा हा शत्रू. साधं खाणं लोक सोडतात ते बहुतेक वेळा बेचव असल्यामुळे, आणि बेचव होतं ते तीन गोष्टी विसरल्यामुळे: पुरेसं मीठ, थोडी स्निग्धता, शेवटी थोडं आंबट. सूप किंवा रस्सा पाणचट लागला तर आणखी मसाला घालण्याआधी अर्ध्या लिंबाचा रस किंवा चमचाभर व्हिनेगर घालून पाहा.

पहिल्या दिवशी कडधान्य त्याच्याच पाण्यासह जाडसर रस्सा म्हणून. चिरलेला कांदा तेलात मंद आचेवर चांगला सोनेरी होईपर्यंत परता. यात घाई करू नका, स्वस्त जेवणाची सगळी चव इथे तयार होते. मग लसूण, मसाला, टोमॅटो, कडधान्य.

दुसऱ्या दिवशी त्यातलंच अर्धं वाटून सूप. गाजर, बटाटा, भोपळा जे असेल ते लहान चिरून घाला; लहान तुकडे लवकर शिजतात. शिळा पाव असेल तर त्याचे तुकडे भाजून वर टाका, किंवा सूपमध्येच विरघळू द्या, ते दाट होतं. पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. उरणार असेल तर कापून फ्रीझरमध्ये.

तिसऱ्या दिवशी कोरडं: कडधान्य आणि कोबी मोठ्या आचेवर परतून, भाताबरोबर. किंवा उकडलेल्या बटाट्यात कुस्करून टिक्क्या. अंडं परवडत असेल तर या दिवशी एक अंडं वर फोडा, जेवण लगेच वेगळं वाटतं.

उरलेलं पहिल्याच दिवशी, ताजं असतानाच, एका जेवणापुरत्या छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांवर ते महिनोन्‌महिने टिकतं. चौथ्या दिवशी कंटाळून फ्रीझरकडे वळू नका; तोपर्यंत ते खराब व्हायच्या बेतात असतं. फ्रीझर नसेल तर अर्ध्याऐवजी पाव किलोच शिजवा.

भाज्यांची सालं, देठ, कोबीचा दांडा, गाजराची टोकं धुवून एका डब्यात साठवत जा. डबा भरला की पाऊण तास पाण्यात उकळून गाळा, सूपला पाया मिळतो. कांद्याच्या सालीने सुंदर रंग येतो. बटाट्याची हिरवट सालं मात्र त्यात नकोत, आणि कोबीही फार नको, वास चढतो.

७. उरलेल्या अन्नाचे तीन नियम

थंडी आहे म्हणून भांडं ओट्यावर रात्रभर राहिलं तरी चालतं, हा समज घातक आहे. स्वयंपाकघर घरातलं सगळ्यात उबदार ठिकाण असतं, आणि मोठं भांडं आतून कित्येक तास कोमट राहतं.

शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं. मोठं भांडं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळा, मग उथळ डब्यांत वाटून ठेवा. फ्रिज ४ अंशांवर असू द्या. तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना आतपर्यंत वाफ येईल इतकं, आणि एकदाच. लागेल तेवढंच काढून गरम करा, सगळं भांडं नव्हे. त्यात इंधनही वाचतं.

भाताची विशेष काळजी. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

८. ताजं काय खायचं

टिकाऊ धान्य-कडधान्याच्या आहारात कमी पडतं ते मुख्यतः क जीवनसत्त्व. महाग फळांची गरज नाही. १०० ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण ३५ मिलिग्रॅम असतं; मोठ्या माणसाला दिवसाला लागणाऱ्या प्रमाणाचा मोठा भाग तेवढ्यात निघतो. कोबी बारीक चिरा, मीठ-लिंबू लावून हाताने चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि जेवणाबरोबर कच्चाच खा. यातलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शरीरात शोषलं जायलाही मदत करतं. जेवणाला लागूनच चहा-कॉफी घेतली तर उलटं होतं, म्हणून तासभर थांबा.

कोबी जास्त असेल तर मिठात आंबवून ठेवता येतो. चिरलेल्या कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ते २५ ग्रॅम. पाणी सुटेपर्यंत चोळा, काचेच्या बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा. कोबी सतत स्वतःच्या पाण्याखाली बुडालेला राहायला हवा, एवढी एकच अट. झाकण सैल ठेवा, वायू बाहेर पडू द्या. २० अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत आंबट, कुरकुरीत होतो आणि मग गारव्यात बराच काळ टिकतो. मीठ अंदाजाने घालू नका, वजन करा. वर केसाळ रंगीत बुरशी दिसली तर सगळं टाका.

मूग किंवा मसूर मोड आणून खाणंही स्वस्त. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून भिजवलेले दाणे ओल्या कापडात बांधून स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवा आणि दिवसातून दोनदा धुवा. ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते. मोड वाफवून खा, विशेषतः घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर.

ऊन मिळेल तेव्हा बाहेर जा. फार उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या प्रदेशात थंडीतलं ऊन ड जीवनसत्त्व तयार करायला अपुरं पडतं. तिथे राहत असाल तर गोळीविषयी डॉक्टरांना विचारा.

९. थंडी ओसरताना

ऋतूच्या शेवटी एक काम उरतं आणि बहुतेक जण ते विसरतात: कोठार खाली करणं. हवा उबदार व्हायला लागली की बटाट्यांना कोंब येतात, कांदे मऊ पडतात, धान्यात किडे धरतात. शेवटचे तीन-चार आठवडे नवं टिकाऊ काही आणू नका. सगळे डबे ओट्यावर मांडा, काय उरलंय ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा, आणि रोजचं जेवण त्या यादीतून ठरवा. मूठ-मूठ उरलेली कडधान्यं एकत्र भिजवायची झाली तर त्यात राजमा असला की सगळ्यांनाच त्याचीच उकळी द्या.

फ्रीझरमधले छोटे डबे आधी संपवा. बर्फाचा थर जाड झाला असेल तर तो याच वेळी वितळवा. डबे धुवून उन्हात कडकडीत वाळवा. आणि वही उघडून पहिल्या आठवड्यातले मीटरचे आकडे शेवटच्या थंड आठवड्यातल्या आकड्यांशेजारी लिहा. पुढच्या थंडीआधी दाराची फट बुजवायची, कुकर घ्यायचा की जाड पडदे शिवायचे, हे त्या दोन ओळींवरून ठरवता येईल.